घेणाऱ्याच्या नावे

मराठी मध्यमवर्गीय माणूस एक वेळ पाहुण्याला पाणी द्यायला विसरेल, पण शेजारणीचा डबा रिकामा परत करणार नाही. चकल्या भरून आलेला डबा आपल्या फडताळात चार दिवस मुक्काम करतो, घरात काहीतरी गोडधोड होण्याची वाट बघतो, आणि तसं काहीच झालं नाही तर शेवटी मूठभर साखर पोटात घेऊन परत जातो. शेजारीण साखर काढून ठेवते आणि त्याच क्षणी तिच्या डोक्याला घोर लागतो, की आता हा डबा कशाने भरावा? आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत एक डबा दोन घरांमध्ये गेली सतरा वर्षं अशा खेपा घालतो आहे. तो मुळात कोणाचा, असं विचारलं तर दोन्ही घरं सारख्याच खात्रीने एकमेकांकडे बोट दाखवतात.

आहेराची वही हा याच रोगाचा पुढचा टप्पा. लग्नात मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून जो इसम पाकिटं फोडत बसलेला असतो, तो मी. मी बँकेत कारकून आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला सांगणं म्हणजे माझा अपमान, अशी नातेवाइकांची प्रामाणिक समजूत आहे. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलेलं असलं तरी टेबल, वही आणि मी एवढी सामग्री तयार असते. 'अमुक तमुक, १०१ रुपये.' दहा वर्षांनी त्या अमुक तमुकांच्या मुलीचं लग्न निघालं की वही ट्रंकेतून बाहेर येते, १०१ चे २५१ होतात आणि पाकीट रवाना होतं. मधले दीडशे हे व्याज. रिझर्व्ह बँकेने या व्यवहारात अजून लक्ष घातलेलं नाही.

थोडक्यात काय, आपण भेट घेतच नाही. आपण बिनतारणाचं कर्ज घेतो आणि ते फिटेपर्यंत आपल्याला झोप लागत नाही. ठीक आहे. पण ज्याची परतफेड करणं आपल्या ऐपतीतच नाही, असं काही कोणी प्रेमाने पुढे केलं तर? ते घ्यावं की नाही? घेतलंच तर नंतर त्या माणसाशी बरोबरीने बोलावं कसं? हा नीतिशास्त्रातला प्रश्न माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसापुढे आणून टाकला तो एका विमानाने.

विमान माझ्या एका मित्राचं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवेचा पंप आणि पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. सायकलच्या दुकानातला पोरगा विमानापर्यंत कसा गेला, याचं गावाला फार आश्चर्य. मला नाही. ज्या राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिलं विमान उडवलं, त्यांचंही डेटन गावी सायकलींचंच दुकान होतं. त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं. आमच्या एस.टी. स्टँडवर बसमध्ये चढायला याहून जास्त वेळ लागतो.

मित्र शिकला, नागपूरला गेला, यंत्रांचे सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना काढला आणि चाळिशी उलटल्यावर, जेव्हा माणसं मधुमेहासाठी पहाटे चालायला लागतात तेव्हा, हा विमान चालवायला शिकला. आपल्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षापासून मिळू शकतो आणि त्यासाठी निदान ४० तासांचं उड्डाण लागतं. मग कारखान्याच्या नावावर त्याने एक जुनं, चार आसनी सेस्ना १७२ विमान घेतलं. आमची सौ. म्हणाली, "एवढं काय करायचंय माणसाने?" मी तिला सांगितलं, की आपण गच्चीवर पापड वाळवतो, पण मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या मानाने आपला मित्र साधा माणूस. तो तयार विमानच विकत घेतो.

गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "रविवारी ये. सकाळी उडू, संभाजीनगरले जेवू, दिवस बुडाच्या आत वापस."

"फक्त जेवायला?"

"मंग काय तं?"

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी आजवर कर्जाच्या अर्जांना लावत आलो होतो. अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांत यालाच 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात, असं मित्राने सांगितलं. हॅम्बर्गर स्वस्त असतो. शंभर डॉलर तिथवर उडून जाण्याचे. म्हणजे कोंबडी सगळीकडे तीच. मसाला तेवढा देशोदेशी वेगळा.

मग त्याने माझं वजन विचारलं. "खरं सांग बे, बायकोले सांगतो ते नोको सांगू." लहान विमानात माणसं, सामान आणि इंधन यांची बेरीज मर्यादेत बसवावी लागते, आणि ती कोण कुठे बसतं यावरही अवलंबून असते. बँकेने माझी 'आपल्या ग्राहकाला ओळखा'ची कागदपत्रं किती तरी वेळा घेतली असतील, पण इतका खासगी प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी ८४ सांगितलं. पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला.

बातमी बँकेत पसरली. आमच्या शिपायाने काळजीने विचारलं, "साहेब, ते इमान चालवते कोन?"

"माझा दोस्त."

"त्याले येते का पन?"

मॅनेजरसाहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की माझ्या सगळ्या खात्यांना वारसाचं नाव लावलेलं आहे ना. घरी मात्र प्रश्न वेगळा निघाला. सौ. म्हणाली, "ते सगळं खरं, पण आपण त्यांना काय द्यायचं?"

डब्याचा प्रश्न आला होता. फक्त या वेळी डबा उडणारा होता.

मी हिशेब मांडला. जाता-येता सव्वाचार तास उड्डाण. असलं विमान तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पितं, तेही विमानाचं वेगळं, निळ्या रंगाचं. म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास मामला. त्यावर पाच किलो तूरडाळ आणि वहिनींना ब्लाउजपीस हा उतारा कसा चालावा? शेवटी मित्राला सरळ विचारलं, "पेट्रोलचे निम्मे मी देतो."

"जमत नाई," तो म्हणाला. "कायद्यात बसत नाई."

आणि खरंच बसत नाही. आपल्याकडच्या १९३७ च्या विमान नियमांनुसार खासगी परवान्याच्या वैमानिकाला मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही. अमेरिकेचा नियम जरा सैल आहे. तिथे सोबत्यांनी इंधनाच्या खर्चात वाटा उचललेला चालतो, पण वैमानिकाने निदान आपला सारखा वाटा स्वतः भरलाच पाहिजे. म्हणजे मैत्रीची आणि धंद्याची सीमारेषा कुठे पडते, हे तिथल्या सरकारने भागाकार करून ठरवून दिलंय. आपल्या सरकारने भागाकाराची भानगडच ठेवली नाही. माझ्या खिशाचं एवढं हित पाहणारा नियम आयुष्यात पहिल्यांदाच भेटला, आणि मी मात्र बेचैन झालो.

बेचैन का व्हावं? यावर मी दोन रात्री विचार केला. माझ्या असं ध्यानात आलं, की पैसे देऊन आपण नुसती वस्तू विकत घेत नाही. आभार मानण्यातून सुटकाही विकत घेतो. एस.टी.चं तिकीट काढलं की ड्रायव्हर उशिरा आला म्हणून बडबडता येतं, खिडकी बंद होत नाही म्हणून कंडक्टरला सुनावता येतं, आणि उतरल्यावर मागे वळून बघावं लागत नाही. तिकीट म्हणजे कृतघ्न होण्याचा अधिकृत परवाना. मित्राच्या विमानात हा परवाना मिळत नाही. तिथे पोटात गोळा आला तरी 'वा, काय छान' म्हणावं लागतं.

विमानाच्या इतिहासातही भाडं मागाहून आलं, माणूस आधी. ज्याला पहिला विमानप्रवासी म्हणतात तो चार्ल्स फर्नस, राइट बंधूंकडचाच मेकॅनिक. १४ मे १९०८ रोजी विल्बर राइटने त्याला शेजारी घेतलं आणि दोघं उडाले. तिकिटाच्या विमानसेवेत पहिला प्रवासी बसला तो पुढे १ जानेवारी १९१४ ला, अमेरिकेतच फ्लोरिडात. त्या पहिल्या जागेचा लिलाव झाला होता आणि त्या गृहस्थाने २३ मिनिटांच्या प्रवासासाठी ४०० डॉलर मोजले. म्हणजे साडेपाच वर्षं माणूस विमानात बसत होता तो कोणीतरी 'चल' म्हटलं म्हणून. मी स्वतःची गणना फर्नसच्या पंथात केली आणि शनिवारी संध्याकाळी तूरडाळ घेऊन शेलूबाजारमार्गे समृद्धी महामार्गाने नागपूर गाठलं.

सकाळी विमान जवळून पाहिलं आणि लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसताना यायचा तसा घाम आला. दार जुन्या फियाटच्या दारासारखं वाजत होतं. मित्र मात्र बदलला होता. शाळेत गृहपाठ न करणारा हा माणूस हातात कागद धरून विमानाभोवती प्रदक्षिणा घालत होता. पंख हलवून बघ, चाकं बघ, तेलाची काडी पूस आणि पुन्हा बुडव, टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी उतरलंय का ते उजेडात धरून बघ. त्याचे वडील टायर घमेल्यात फिरवून बुडबुडा शोधायचे, तेव्हा चेहरा अगदी असाच असायचा. माझा घाम जरा वाळला.

आम्ही उडालो. उडणं म्हणजे काय, याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी केलंय त्यांना ते जमलेलं नाही. साडेचार हजार फुटांवर विमान स्थिर झालं. कानांवर मोठे श्रवणयंत्र, त्यातून मित्राचा आवाज. खाली वर्धा नदी गेली, कपाशीची आणि तुरीची शेतं गेली, समृद्धी महामार्ग कोणीतरी पट्टी धरून ओढल्यासारखा दिसू लागला. वाट जरा दक्षिणेला वाकडी करून त्याने कारंजा मागे टाकलं आणि म्हणाला, "आलं पाय गाव."

ज्या गावात मी रोज जातो-येतो ते गाव मला ओळखू आलं नाही. घरांना नावं नव्हती, खाते क्रमांक नव्हते. कोणाचा हप्ता थकलाय, कोणाची ठेव मुदतीला आलीय, वरून काही कळत नव्हतं. पत्रे, गच्च्या, झाडं. दादाहयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावात पीर आले. त्या दर्ग्यावरून मी दिशा पकडली, मग एस.टी. स्टँड सापडलं.

"इतक्यांदा गावावरून गेलो," मित्र म्हणाला, "पन आमचं दुकान कुठी होतं ते सापडतच नाई. वरून सारे पत्रे सारखेच."

दुकान आता नाही. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण कर्जाच्या अर्जातले पत्ते तपासत हिंडण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. गावातली कोणती भिंत कोणाच्या भिंतीला टेकते हे मला पाठ आहे. मी सांगू लागलो, की स्टँडपासून तो रस्ता धर, दुसरं वळण, तिथे ती निळी टाकी, तिच्या अलीकडे. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात. ते ज्या बाजूला कलतं त्या बाजूच्या माणसाला जमीन दिसते आणि दुसऱ्याला नुसतं आभाळ. म्हणून आधी माझ्या बाजूने गिरकी घेतली, मला जागा सापडली. मग त्याच्या बाजूने घेतली आणि मी आभाळाकडे बघत नुसता बोलत राहिलो. बराच वेळ कानात फक्त इंजिनाचा आवाज होता.

मग तो म्हणाला, "बारावीले अकोल्याले होतो ना मी. गुरुजीनं दोन वर्सं मेसचे पैसे देल्ले. दर महिन्याले. तुले मालूम हाय ना?"

गुरुजी म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मला मालूम नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली; त्यांनी हे कधी सांगितलं नाही, आईला ठाऊक होतं की नाही तेही आता विचारता येत नाही.

माझ्यातला कारकून ताबडतोब जागा झाला. मनात आलं, चला, कोडं सुटलं. इकडे मेसचे पैसे, तिकडे विमानाची फेरी. नावे आणि जमा जुळलं, खातं बंद. मी म्हटलं, "म्हणजे हे त्याबद्दल का?"

"काय बे!" तो इतक्या जोरात म्हणाला की विमानही किंचित हललं. "फेडाचेच असते तं तुह्या बँकेत भरले असते, व्याजासकट! त्याच्यासाठी इमान कायले पायजे होतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पुढे लोणारचं सरोवर आलं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा तो उल्केचा खळगा वरून थाळीत ठेवलेल्या वाटीसारखा दिसतो. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते हिरवट होतं. चिकलठाण्याला उतरून आम्ही जेवलो. थाळीचे पैसे मी दिले. त्याने देऊ दिले, आणि त्याबद्दल मी त्याचा जास्त ऋणी आहे.

आता या सगळ्याकडे जरा शास्त्रीय दृष्टीने पाहू. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांचं वेदवाक्य असं आहे: लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. ही दुहेरी नोंदीची रीत इटलीचे व्यापारी वापरत होतेच. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूने ती पुस्तकात नीट मांडून व्हेनिसला छापली. साधूने जगाला जमा-नावे शिकवावं ही मौजच. पण त्या रीतीचा एक गुण असा, की दोन्ही बाजू जुळल्या की खातं बंद होतं. बंद खात्यात ग्राहक परत येत नाही.

त्याच्याही अठराशे वर्षं आधी ॲरिस्टॉटलने यावर विचार करून ठेवलाय. त्याला कोडं असं पडलं, की उपकार करणारा ज्याच्यावर उपकार केला त्याच्यावर जितकं प्रेम करतो, तितकं उलट बाजूने का होत नाही? लोक म्हणतात, कर्जदाराला वाटतं सावकार नाहीसा झाला तर बरं, आणि सावकार मात्र कर्जदाराच्या तब्येतीची काळजी घेतो. (हे वाचून मला आमचा वसुली विभाग आठवला. थकबाकीदार आजारी पडला की आम्ही खरोखर अस्वस्थ होतो.) पण ॲरिस्टॉटल म्हणतो, उपकाराचं तसं नाही. कारागिराला आपण घडवलेल्या वस्तूचा जसा लळा लागतो, तसा देणाऱ्याला घेणाऱ्याचा लागतो. त्याला परत काही मिळायची अपेक्षा नसतानाही लागतो. म्हणजे देणाऱ्याचं दान जिथे जिवंत राहतं ती जागा म्हणजे घेणारा. आपण घाईघाईने परतफेड करतो तेव्हा त्या माणसाला सांगतो, की बाबा रे, तुझं हे बाड माझ्याकडून उचल.

आपल्या भाषेला हे कधीच उमगलेलं दिसतं. दोन माणसांचं जुळलं की आपण 'ऋणानुबंध' म्हणतो. त्यात ऋण आधी आणि बंध नंतर. ऋण फेडून टाकलं तर बंध कशाला बांधायचा? पितृऋणाचीही गोष्ट तीच. ते बापाला पैसे परत देऊन फिटत नाही, पुढच्या पोरांचं करावं लागतं. म्हणजे देणं ज्याचं त्याला परत करावं असा नियम सगळीकडे लागू नाही, हे आपल्या पूर्वजांना बी.कॉम. न होता कळलं होतं.

पण वाचकहो, इथे जरा जपून. ऋणात गोडी असते, हे वाक्य मी काउंटरवर उच्चारणार नाही. माझ्यासमोर रोज अशी माणसं येतात की ज्यांच्या कर्जाला तारीख असते, व्याज असतं आणि पाऊस नसतो. सर्वसाधारण कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की आम्ही ते खातं 'अनुत्पादक' म्हणून काळ्या यादीकडे ढकलतो. तशा ऋणाने माणसाची मान खाली जाते, वऱ्हाडात तर कित्येकांची कायमची गेली. तिथे पै न् पै फेडावी, आणि फेडता येत नसेल तर फेडता येईल अशी सोय व्हावी. त्यात काव्य शोधणं हा निर्दयपणा आहे.

आणि दुसरीही एक बाजू आहे. निराधार योजनेचं अनुदान घ्यायला एक म्हातारी येते. पैसे हातात पडले की मला हात जोडते, "लय उपकार झाले, बाप्पा." पैसे सरकारी, हक्क तिचा, नोटा मोजायचं यंत्र बँकेचं. माझा वाटा एवढाच, की तिच्या अंगठ्याच्या रेषा शेतात झिजल्यामुळे यंत्र ओळखत नाही, म्हणून मी तिला तो तीन-तीनदा टेकवायला लावतो. ज्याचा हक्क आहे त्याला कृतज्ञ व्हायला लावणं, हाही मला एक प्रकारचा अपहारच वाटतो. तिने खरं म्हणजे मला एस.टी.च्या उतारूसारखं दोन शब्द सुनावून जायला हवं. तिकीट तिच्याकडे आहे.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: जिथे तारीख आहे तिथे फेडावं, जिथे हक्क आहे तिथे मागावं, आणि जिथे यातलं काही नाही, नुसता एक माणूस 'चल' म्हणतोय, तिथे मुकाट्याने उठून जावं. फुकट्यालाही हेच म्हणता येईल, अशी शंका कोणी काढेल. फरक एवढाच, की फुकट्या खातंच उघडत नाही. हिशेबी माणूस ते लगेच बंद करतो. उघडं खातं बाळगायला मात्र छातीत थोडी जागा लागते, कारण रात्री-बेरात्री त्याची आठवण होते आणि करता काहीच येत नाही.

बाबांना ते जमत असावं. ते रोजचा खर्च वहीत लिहायचे. मास्तरकीच्या पगारात दुसरा इलाज नव्हता. त्या वह्या आईने ठेवल्या होत्या. नागपूरहून आल्यावर मी १९९४ ते १९९६ च्या काढून वाचल्या. कोथिंबीर ५० पैसे लिहिली आहे. पोस्टकार्डं लिहिली आहेत. मित्राच्या वडिलांच्या दुकानात काढलेलं पंक्चर, २ रुपये, तेही दर वेळी लिहिलेलं आहे. मुलाच्या मेसचा खर्च आपण देतो म्हणून पंक्चर कधी फुकट काढून घेतलेलं नाही. मेसचे पैसे मात्र कुठेही नाहीत. मी सवयीने बेरजा करून पाहिल्या. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या वहीत दोन वर्षं दर महिन्याला साडेतीनशे रुपये कमी येतात, आणि खाली नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे, 'हिशेब बरोबर'.